'आलास म्हणू की आलीस?' – दीड वर्ष वापरल्यानंतरचा सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतोय आणि एक का कापला ते खाली नीट सांगतो, कारण हे पान उघडणारा माणूस बहुतेक रात्रीच वाचत असतो आणि "खूप छान सर्व्हिस, सगळ्यांनी वापरा" एवढं वाचून त्याचं काही भागत नाही, माझं तरी भागलं नव्हतं. मी ट्रान्स मुलगा, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला, वय २३. क्वीअर, म्हणजे गे, लेस्बियन, बाय, ट्रान्स अशा तरुणांसाठीच्या या मदतीच्या सर्व्हिसच्या तिन्ही गोष्टी वापरल्यात: रात्रीचा चॅट, दर आठवड्याचा ऑनलाइन ग्रुप आणि वन-टू-वन काउन्सेलिंग. आईने पालकांची सेशन्स केली, त्याबद्दलही लिहितो.

चॅट मी पहिल्यांदा उघडला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते, पांघरूण डोक्यावरून घेतलेलं, फोनचा ब्राइटनेस अगदी शून्यावर, शेजारच्या बेडवर ताई झोपलेली. चॅट सुरू व्हायच्या आधी एक छोटा फॉर्म येतो आणि मला वाटतं हा फॉर्म ज्यांनी बनवलाय त्यांनी स्वतः कधीतरी असंच पांघरुणातून टाइप केलेलं असणार. पहिलाच प्रश्न, आत्ता बोलणं सेफ आहे का, कोणी स्क्रीन बघू शकतं का. मग नाव विचारतात, पण दोन नावं: आम्ही तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू, आणि कधी फोन किंवा मेल करायची वेळ आली तर कोणतं नाव घेऊ. ही दोन नावं वेगळी का असतात हे आपल्यातल्या कुणाला समजवावं लागत नाही. घरच्या फोनवर कुणी माझं खरं, म्हणजे मी निवडलेलं नाव घेऊन मला विचारलं असतं तर त्या काळात मी संपलोच असतो.

आणि मग तिसरा प्रश्न, बोलताना क्रियापद कोणतं वापरू. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मराठीत बोलणाऱ्या ट्रान्स किंवा नॉनबायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त बाई न मानणाऱ्या) माणसाचं अर्धं आयुष्य इथेच अडकलेलं असतं. इंग्रजीत सर्वनाम सांगितलं की बरंचसं काम होतं. मराठीत 'तू'ला लिंग नाही पण त्याच्या मागून येणारं क्रियापद तुला मुलगा की मुलगी ते ठरवून टाकतं, उठलीस का, कुठे गेली होतीस, काय म्हणालीस, दिवसभर हेच कानावर. आणि स्वतःबद्दल बोलतानाही सुटका नाही कारण 'मी गेले' म्हणावं तर खोटं आणि 'मी गेलो' म्हणावं तर सगळ्यांच्या माना वळणार. मी वर्षानुवर्षं वाक्यं फिरवून बोललोय. 'मी थकले' च्या जागी 'मला थकवा आलाय', 'मी आले' च्या जागी 'पोचणं झालं', 'मी विसरले' च्या जागी 'लक्षात राहिलं नाही'. घरात कुणाला पत्ता नव्हता, फक्त ही कमी बोलते, तुटक बोलते एवढंच म्हणायचे. प्रत्येक वाक्याआधी डोक्यात एवढं गणित करावं लागलं तर माणूस बोलेल किती.

त्या फॉर्ममधून पुढे चॅटमध्ये गेलो, साधारण दहा-बारा मिनिटं वाट बघावी लागली, मग समोरच्या मुलीचा मेसेज आला: "हाय, मी आत्ता तुझ्यासोबत आहे. आलास म्हणू की आलीस, की अजून काही?" मी टाइप केलं 'आलास'. आणि तिचं उत्तर आलं, "बरं झालं आलास."

दोन-तीन मिनिटं मी काहीच टाइप केलं नाही, नुसता त्या शब्दाकडे बघत बसलो. तोवर हा शब्द माझ्यासाठी कुणी वापरलाच नव्हता, मी स्वतः मनातल्या मनात वापरायचो तेवढाच. तिने घाई केली नाही, थोड्या वेळाने फक्त "आहे मी, सावकाश" एवढं लिहिलं. पुढे काउन्सेलिंगमध्ये कळलं की यावर अभ्यास पण झालाय, २०१८ चा, स्टीफन रसेल आणि त्यांच्या टीमचा, अमेरिकेतल्या १२९ ट्रान्स आणि जेंडर नॉनकन्फॉर्मिंग (मुलगा-मुलगीच्या ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या) तरुणांवर. घर, शाळा, कामाची जागा, मित्र, अशा ठिकाणी यांचं निवडलेलं नाव वापरलं जातं का असं विचारलं होतं, आणि नाव वापरलं जाणारी एकेक जागा जशी वाढत गेली तसे आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी दिसले. छोटा अभ्यास आहे आणि नाव वापरल्यानेच हे झालं असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही, तरी मला त्या रात्रीच्या एका क्रियापदाने काय झालं ते मला माहीत आहे.

चॅटवरचे लोक काउन्सेलर नसतात, ट्रेनिंग घेतलेले व्हॉलंटिअर असतात, हे ते स्वतःच सुरुवातीला सांगतात. माझ्याशी बोलणाऱ्या मुलीने बऱ्यापैकी लवकर सरळ विचारलं, "आत्महत्येचे विचार येतायत का?" आडवळणाने नाही, 'काही वेडंवाकडं मनात नाही ना' असं तर अजिबात नाही. काही जणांना हा प्रश्न वाचून धक्का बसेल म्हणून सांगतो, असं स्पष्ट विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत अभ्यासांमध्ये टिकलेली नाही, उलट बोलायला जागा मिळते. मी हो म्हणालो. मग तिने माझ्यासोबत बसून सेफ्टी प्लॅन बनवला. ही पद्धत बार्बरा स्टॅनले आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांची आहे, आता बऱ्याच ठिकाणी वापरतात: वाईट वेळ येतेय हे कशावरून ओळखशील, एकटा असताना काय करू शकशील, कुठे जाऊन कुणाच्या सोबतीने मन दुसरीकडे लागेल, कुणाला मदत मागशील, कोणत्या प्रोफेशनलला किंवा हेल्पलाइनला फोन करशील आणि आजूबाजूच्या धोक्याच्या वस्तू लांब कशा ठेवशील. ऐकायला कोरडं वाटतं पण प्रत्येक ओळ माझ्या शब्दांत होती. 'कशावरून ओळखशील' मध्ये मी लिहिलं होतं, मेसेज वाचून रिप्लाय न करता फोन उपडा ठेवायला लागलो की. हे मला स्वतःबद्दल तोवर माहीतच नव्हतं, टाइप करता करता कळलं.

दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने त्यांनी ठरलेल्या वेळी फॉलोअपला फोन केला, फोनवरचं नाव घेऊन. हे फोन म्हणजे नुसती औपचारिकता नाहीये, अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात सेफ्टी प्लॅन आणि असे फोन दोन्ही मिळालेल्या लोकांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्के कमी दिसलं होतं. त्यामुळे एखादी सर्व्हिस निवडताना नंतर कोणी फोन करतं का हे नक्की विचारा.

एक सूचना, स्क्रीनवर कोपऱ्यात पटकन बाहेर पडायचं बटण आहे, दाबलं की हवामानाचं पान उघडतं. पण त्याने ब्राउझरची हिस्ट्री पुसली जात नाही! तिथे तसं लिहिलंय, फक्त बारीक अक्षरात लिहिलंय, म्हणून मी इथे परत लिहितोय.

काउन्सेलिंगसाठी मी आधीच घाबरलेलो होतो, कारण मी १८ चा असताना घरच्यांनी एका काउन्सेलरकडे नेलं होतं, या सर्व्हिसशी त्याचा काही संबंध नाही, नाव घेत नाही. तिथे तीन सेशन नुसतं कारण शोधण्यात गेलं, लहानपणी काय झालं, वडील किती वेळ घरी असायचे, भावाची आवड होती का. मग 'ही फेज आहे', मग 'केस वाढवून बघ, कानात काहीतरी घाल, छान वाटेल'. आणि मी जे जे सांगितलं ते सगळं आईला दुसऱ्या दिवशी माहीत. त्यानंतर तीन वर्षं मी कुणाकडेही गेलो नाही. वाईट काउन्सेलरने होणारं खरं नुकसान हे, की तो पुढचे सगळे दरवाजे बंद करून जातो. आणि हे ज्ञान काही नवीन नाहीये हो. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला काढली, आणि ट्रान्स असणं हा मानसिक आजार नाही हे त्यांच्या आजारांच्या नव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये आलंय, जे २०१९ मध्ये मंजूर झालं आणि २०२२ पासून लागू आहे. तरी अजून 'बदलून देतो' म्हणणारे लोक आहेत. बदलता येतं याला आधार नाही आणि त्याने नुकसान होतं हे मोठमोठ्या वैद्यकीय संघटनांनी सांगून झालंय. म्हणून पहिल्या सेशनच्या आधीच फोनवर विचारून घ्या: क्वीअर, ट्रान्स लोकांसोबत आधी काम केलंय का, माझ्या घरी काय सांगाल आणि काय नाही, कोणत्या परिस्थितीत गुप्तता मोडावी लागते. जो नीट उत्तर देतो त्याच्याकडे जा, जो 'ते नंतर बघू' म्हणतो त्याच्याकडे नको.

इथल्या काउन्सेलरने पहिल्याच सेशनला गुप्ततेचे नियम स्वतःहून सांगितले, जिवाला धोका असेल तर आणि तेवढ्यापुरतंच इतरांना सांगावं लागू शकतं, आणि तसं करायची वेळ आली तर शक्यतो आधी तुझ्याशी बोलून. दुसऱ्या सेशनला ती बोलता बोलता चुकली, "मग तू त्याला काय म्हणालीस... म्हणालास?" असं म्हणून पुढे गेली. माफीनाटक नाही, 'अरे देवा मला किती वाईट वाटतंय' नाही की मग मीच तिची समजूत काढत बसेन. चुकली, सुधारलं, पुढे. मी ताईला हेच उदाहरण दिलंय, चुकलीस तर असं कर.

तिने मला मायनॉरिटी स्ट्रेस समजावला. ही इलन मेयर यांची मांडणी, २००३ मधला त्यांचा लेख यासाठी सगळीकडे सांगितला जातो. थोडक्यात, क्वीअर लोकांमध्ये डिप्रेशन, अँग्झायटी जास्त दिसते ती क्वीअर असण्यामुळे नाही, तर त्यांच्या वाट्याला येणाऱ्या जास्तीच्या ताणामुळे. काही ताण बाहेरून येतो, टोमणे, मारहाण, काम नाकारणं. काही आत जाऊन बसतो, सतत लपवणं, आता कोणीतरी नाकारणार अशी धास्ती, आणि लोकांचं मत स्वतःवरच लावून घेणं. वाचून सगळ्यांनाच पटेल, पण तिने मला घरी एक काम दिलं त्याने ते अंगाला लागलं. आठवडाभर एका वहीत रेघा मारायच्या, दिवसात कितीदा बोलायच्या किंवा कुठे जायच्या आधी थांबून तपासलं. आवाज जास्त बारीक येईल का, बाथरूममध्ये कोण आहे, या माणसासमोर कोणतं क्रियापद, शर्ट छातीवर कसा बसलाय. एका मंगळवारी ३४ रेघा झाल्या, दुपारपर्यंत. ती वही बघून म्हणाली, "तू आळशी नाहीयेस रे, तू दिवसभर पहारा देतोयस." मला माझा थकवा पहिल्यांदा समजला. मग आम्ही एकेक रेघ घेऊन बसलो, कुठे खरंच धोका आहे आणि कुठे आता सवयीने तपासतोय. सगळं तुझ्या डोक्यात आहे असं ती एकदाही म्हणाली नाही, कारण सगळं डोक्यात नसतंच, बाथरूमची भीती खरी असू शकते. पण ३४ पैकी निम्म्या रेघा सोडता आल्या, हळूहळू.

आणि उलटी चूकही तिने केली नाही, म्हणजे प्रत्येक गोष्टीचं खापर जेंडरवर फोडायची. माझी झोप पार उडाली होती, मी धरूनच चाललो होतो की हे डिस्फोरियामुळे (शरीर आणि जेंडर जुळत नसल्याच्या त्रासामुळे), तिने आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घ्यायला लावलं, थायरॉइड निघालं.

ग्रुपबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं, मी तीन आठवडे फक्त ऐकलं आणि कोणीही 'बोल ना' म्हणून मागे लागलं नाही, हे फार चांगलं. स्वतःसारखा आवाज बदलत जाणारा, स्वतःसारखं वाक्य फिरवणारा माणूस ऐकणं ही गोष्ट कोणताही काउन्सेलर देऊ शकत नाही. पण जे दोन-तीन जण जास्त बोलतात त्यांचाच तास होतो कधी कधी, बायसेक्शुअल आणि एसेक्शुअल (लैंगिक आकर्षण फारसं न वाटणाऱ्या) लोकांचं बोलणं 'तुमचं तरी सोपं आहे' करत बाजूला पडतं, आणि ग्रुप चालवणाऱ्याने तिथे मध्ये पडायला हवं ते दर वेळी होत नाही. एकदा कोणीतरी स्वतःला इजा करण्याबद्दल फार तपशिलात बोलत गेलं आणि थांबवायला उशीर झाला, त्या रात्री मला परत चॅट उघडावा लागला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची विचारपूस केली त्यांनी, पण नियम आहे तर तो त्याच वेळी पाळायला हवा.

आता तो कापलेला स्टार. अ‍ॅपच्या एका अपडेटनंतर नोटिफिकेशन आपोआप चालू झालं आणि लॉक स्क्रीनवर ग्रुपच्या पूर्ण नावासकट 'आज सात वाजता' असं आलं. फोन हॉलमध्ये चार्जिंगला, मावशी आलेली, तिने मोठ्याने वाचलं. कॉलेजच्या प्रोजेक्टचं आहे असं सांगून वेळ मारून नेली पण त्या संध्याकाळी माझे हात थरथरत होते. मी कळवल्यावर दोन दिवसांत फोन आला, माफी मागितली, आता फक्त 'रिमाइंडर' एवढंच येतं. वागले चांगलं, तरी स्टार कापलेलाच ठेवतो, कारण माझ्या जागी १६ वर्षांचं पोर असतं तर तेवढ्या एका ओळीने त्याचं घर सुटलं असतं.

बाकी तक्रारी: काउन्सेलिंगला सात आठवडे वेटिंग होतं, मध्ये दर आठवड्याला एक छोटा फोन करतात म्हणून निभावलं. बारा सेशननंतर थांबावं लागतं आणि परत रांगेत. आणि वयाची अट, २४ पूर्ण झाले की ग्रुप आणि चॅट दोन्ही बंद. हे अशा बऱ्याच सर्व्हिसेसमध्ये असतं, अमेरिकेतल्या १९९८ पासून चालू असलेल्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या क्वीअर तरुणांसाठीच्या संस्थेच्या ट्रेव्हरस्पेस या ऑनलाइन कट्ट्याचं वयही १३ ते २४ च आहे, कारण समजतं, लहान मुलांच्या ग्रुपमध्ये मोठी माणसं नकोत. पण आपल्यातले कितीतरी जण स्वतःच्या पैशावर आणि स्वतःच्या खोलीत राहायला लागल्यावर कुठे पहिल्यांदा तोंड उघडतात. त्यांनी २५ ते ३० चा वेगळा ग्रुप सुरू करावा, मी तो चालवायला मदत करेन, हे त्यांना मेलवर पण लिहिलंय.

आईबद्दल. पालकांच्या सेशनला ती फक्त माझ्या समाधानासाठी आली होती आणि पहिलं वाक्य 'माझं काय चुकलं' हेच. ते सेशन एक दुसरी आईच चालवते, ती म्हणाली, "मी पण इथे येऊन पहिलं हेच विचारलं होतं." त्यांनी आईला केटलिन रायन यांच्या २००९ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. लहान वयात घरून खूप नाकारले गेलेले जे गे, लेस्बियन, बाय तरुण होते, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण, ज्यांना घरून फारसं नाकारलं गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ८.४ पट निघालं होतं. आई त्यावर बराच वेळ गप्प होती. त्यांचा भर मत बदलण्यावर नसतो, वागण्यावर असतो, आज घरी जाऊन कोणती एक गोष्ट करणं थांबवाल असं विचारतात. एका रात्रीत मन बदला असं सांगितलं असतं तर आई परत गेली नसती.

ती चार सेशन्सना गेली. अजून मला 'आलास' म्हणत नाही. पण गेल्या काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं की ती 'आलीस' पण म्हणत नाही. 'जेवण झालं का', 'यायला किती वेळ लागेल', 'आज दमायला झालं का'. मी ओळखलं लगेच, कारण वाक्य असं फिरवायला किती कष्ट पडतात ते मला माहितीये, मी दहा वर्षं तेच केलंय. परवा फोन ठेवताना तिने 'नीट पोच...' एवढंच म्हटलं आणि थांबली, 'पोचलास की' का 'पोचलीस की' ते ठरेना म्हणून, मग 'काळजी घे' म्हणाली.

शेवटचं, वापरणाऱ्यांसाठी. आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल तर चॅटची वाट बघू नका, तुमच्याकडचा आपत्कालीन नंबर लावा किंवा जवळच्या माणसाला उठवा, चॅटला गर्दी असली की वेळ लागतो. फॉर्ममध्ये 'मेल पाठवू नका' चा पर्याय खाली आहे, घरी कॉम्प्युटर एकच असेल तर तो निवडा. नंबर द्यायची सक्ती नाही, पण मग फॉलोअपचे फोन येणार नाहीत. आणि क्रियापदाचा तो प्रश्न रिकामा सोडला तरी चालतो, नंतर कधीही बदलता येतो. पहिल्या रात्री मी तो रिकामाच सोडला होता, म्हणून तर तिने विचारलं.